साखरेचा रोजमेळ

दोन वर्षांपूर्वीच्या संवत्सरीची गोष्ट. नाशिकमधील आमच्या स्थानकात प्रवचन चालू होते. माझे थोरले बंधू पुढच्या रांगेत सामायिक घेऊन बसले होते. घरात आणि बाजारपेठेतही त्यांना सगळे भाईजी म्हणतात. वय एकाहत्तर, मधुमेह पंधरा वर्षांचा, आणि त्या दिवशी उपवास. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला व हात थरथरू लागले. शेजारच्या श्रावकांना वाटले, भाद्रपदाचा उकाडा आणि उपवासाचा थकवा असेल. त्यांना भिंतीला टेकवून बसवण्यात आले. थोड्याच वेळात भाईजी असंबद्ध बोलू लागले. मला त्यांनी आमचे दिवंगत वडील समजून हाक मारली.

सभेत औषधांचे दुकान असलेले एक गृहस्थ होते. त्यांनी दुकानातून ग्लुकोमीटर आणवला. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पाहिले, तर साखर ४२. कोणीतरी साखरपाण्याचा पेला ओठांना लावला. अर्धवट शुद्धीतही भाईजींनी दात घट्ट मिटले आणि पेला हाताने दूर सारला. पच्चक्खाण घेतलेले होते ना! आम्ही त्यांना तसेच रुग्णालयात नेले. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले आणि मला ओळखले.

डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "आज उपवास आहे हे मला आधी कोणी सांगितले होते का? आणि सकाळची गोळी घेतली होती का?" पहिल्याचे उत्तर 'नाही' होते व दुसऱ्याचे 'हो'. औषध कधीही चुकवायचे नाही, ही शिकवण भाईजींनी पंधरा वर्षे पाळली होती. सूर्योदयानंतर उकळलेल्या पाण्यासोबत त्यांनी नेहमीची गोळी घेतली आणि पोटात अन्नाचा कण नसताना प्रवचनाला येऊन बसले. ग्लिमेपिराइड वर्गातील ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडते. माणूस जेवला आहे की उपाशी आहे, हे तिला कळत नाही.

आपल्या समाजात मधुमेह नसलेले घर आता शोधावे लागते. पर्युषण पर्व तर दरवर्षी येते. म्हणून गेल्या दोन वर्षांत आमच्या कुटुंबाने या आजाराविषयी आणि मोबाइलच्या साहाय्याने त्याचा हिशेब ठेवण्याविषयी जे शिकून घेतले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

नोंद होती, ताळमेळ नव्हता

माझे सारे आयुष्य बँकेत गेले. भाईजी घरी परतल्यावर मी प्रथम त्यांची वही मागितली. दुकानाच्या गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची छोटी वही होती. तीत दर आठवड्याची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. दर दिवाळीला नवी वही सुरू होई. व्यापाऱ्याच्या हिशेबात नोंद चुकणे शक्यच नव्हते. परंतु त्या वहीने दवाखान्याचे तोंड कधी पाहिले नव्हते. डॉक्टरांसमोर जात असे तो फक्त तीन महिन्यांनी केलेल्या एचबीएवनसी तपासणीचा अहवाल. त्यावर आकडा होता ६.४. घरातील सर्वांना त्याचा अभिमान वाटे.

हा आकडा नेमके काय सांगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्या काळात हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते, त्यावरून मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी काढता येते. एचबीएवनसी ७ म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, आणि ६ म्हणजे सुमारे १२६. परीक्षा उपयुक्त आहे, तरीही ती सरासरीच आहे. दुपारी २४० आणि पहाटे ५५ असलेल्या माणसाची सरासरीसुद्धा सुरेख दिसू शकते. तिमाही सरासरी शिल्लक उत्तम असलेल्या खात्यावरचा धनादेशही एखाद्या दिवशी परत जातो, हे व्यापारी वाचकांना मी सांगायला नको. भाईजींचा ६.४ हा आकडा काही अंशी पहाटे घसरणाऱ्या साखरेमुळे इतका देखणा झाला होता. हे आम्हांला पुढे कळले.

भाईजी मोजणी करीत ती सकाळी सात वाजता आणि दुपारच्या जेवणानंतर. पहाटे तीन वाजता कोणी बोट टोचून घेत नाही. त्यामुळे त्या वेळच्या साखरेबद्दल वहीत एक ओळही नव्हती.

चौदा दिवसांचा सेन्सर

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने भाईजींच्या दंडावर सेन्सर लावून घेतला. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती असते. तिच्यातील केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली जातो आणि पेशींभोवतालच्या द्रवातील साखर सतत मोजत राहतो. मोबाइल चकतीजवळ नेला की, किंवा काही प्रकारांत आपोआप, आकडा पडद्यावर दिसतो. शेजारचा बाण साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवतो. आम्ही घेतलेला सेन्सर चौदा दिवस चालणारा होता. त्याची किंमत काही हजार रुपये असल्याने तो बारमाही लावणे प्रत्येकाला परवडणार नाही, आणि गोळ्यांवर असलेल्या प्रत्येकाला त्याची गरजही नसते. वर्षातून एक-दोन वेळा चौदा दिवस लावला, तरी पुष्कळ उलगडा होतो.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १९६९ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही अभियंत्याने रुग्णालयांसाठी बनवलेले साखर मोजण्याचे यंत्र मिळवले. तेव्हा ते रुग्णांना विकत नसत. पत्नी डॉक्टर असल्यामुळे तिच्या नावाने त्यांना ते घेता आले. दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजून आणि त्याप्रमाणे इन्सुलिन व आहार बदलून त्यांनी आपली प्रकृती सावरली. पुढे वयाच्या पंचेचाळिशीनंतर ते स्वतः डॉक्टर झाले. आज घरोघरी असणारा ग्लुकोमीटर आणि दंडावरचा सेन्सर या दोहोंच्या मुळाशी तोच विचार आहे. रुग्णाने स्वतः मोजावे, आणि मोजलेल्या आकड्यावरून वेळीच काहीतरी बदलावे.

पहिल्या आठवड्यातच आलेखाने आम्हांला चकित केले. आमची सर्वांची भीती पंगतीतील मिठाईबद्दल होती. प्रत्यक्षात चौदापैकी पाच रात्री पहाटे दोन ते चारच्या दरम्यान भाईजींची साखर ७० च्या खाली जात होती. एका रात्री ती ५८ होती. ते झोपेत असत. सकाळी डोके जड झाल्याची तक्रार ते अधूनमधून करीत, पण ती आम्ही वयाच्या खात्यावर टाकली होती.

चोविहार आणि 'रात्री जेवणापूर्वी'

यामागचे कारण आमच्याच दिनक्रमात होते. भाईजी अनेक वर्षे चोविहार पाळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसऱ्या गोळीपुढे 'रात्री जेवणापूर्वी' असे लिहिलेले होते. शहरातील बहुतेक रुग्ण रात्री नऊच्या सुमारास जेवतात, आणि डॉक्टरांच्या मनात तीच वेळ होती. भाईजी सायंकाळी साडेपाचला गोळी घेत, सहाच्या आत थोडी खिचडी घेत आणि मग नवकारसीपर्यंत काहीही घेत नसत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला सूर्यास्त सहानंतर लगेच होतो आणि सूर्योदय सात वाजून गेल्यावर. त्यावर नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर दोन आहारांमधील अंतर जवळजवळ चौदा तासांचे होते. गोळी मात्र रात्रभर आपले काम करीत असे.

यात डॉक्टरांची चूक नव्हती आणि भाईजींच्या नियमाचीही नव्हती. नियम डॉक्टरांना ठाऊक नव्हता आणि गोळीचा गुण भाईजींना ठाऊक नव्हता. मोबाइलवरचा आलेख छापून नेला तेव्हा पंधरा वर्षांत प्रथमच दोन्ही बाजूंचा मेळ बसला. डॉक्टरांनी सायंकाळची ती गोळी बंद केली, सकाळची हळूहळू कमी केली आणि एकट्याने साखर सहसा खाली न पाडणारे दुसरे औषध सुरू केले. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ आला. आम्ही हिरमुसलो, पण डॉक्टर समाधानी होते. वयस्कर रुग्णाच्या बाबतीत आकडा फार खाली खेचण्यापेक्षा साखर धोक्याच्या पातळीखाली न जाणे अधिक महत्त्वाचे, असे त्यांनी समजावून सांगितले.

सेन्सर वापरणाऱ्यांसाठी तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एक मोजपट्टी ठरवून दिली आहे. सामान्यतः दिवसातील सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान असावी, आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी वेळ. वृद्ध व जोखमीच्या रुग्णांसाठी पहिली अपेक्षा पन्नास टक्क्यांपर्यंत सैल केली आहे. ७० च्या खालचा वेळ मात्र एक टक्क्याहूनही कमी असावा, असे म्हटले आहे.

आकडा कोणी पाहावा?

यंत्र आले तसा घरात एक नवा पेचही आला. भाईजींच्या साखरेचा आकडा पुतण्याच्या आणि सूनबाईंच्या मोबाइलवरही दिसू लागला. एका लग्नात त्यांनी घेवर खाल्ला. घरी बसलेल्या सूनबाईंचा काही वेळातच फोन गेला, "बाऊजी, साखर २३० झाली आहे." चार व्याह्यांसमोर भाईजींना ते फार लागले. "माझ्या ताटावर पहारा बसवला आहे," असे म्हणून त्यांनी दोन दिवस मोबाइल दुकानातील कपाटात ठेवून दिला. ज्या माणसाने चाळीस वर्षे घर चालवले, त्याच्या प्रत्येक घासाचा हिशेब घरातील सर्वांनी पाहावा, ही गोष्ट सोपी नाही. मुलांना काळजी वाटते, आणि वडीलधाऱ्यांना ती देखरेख वाटते.

शेवटी सगळ्यांनी बसून एक करार केला. साखर चढली तर कोणीही फोन करायचा नाही आणि टोमणाही मारायचा नाही. तो विषय महिन्यातून एकदा डॉक्टरांसमोर निघेल. साखर ७० च्या खाली गेली, तर मात्र रात्र असो की दिवस, ज्याच्या मोबाइलवर सूचना येईल त्याने तत्काळ उठायचे. हा करार आजवर मोडलेला नाही. हे साधन घरात आणणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी विनंती आहे की, सेन्सर लावण्यापूर्वी असा करार करून घ्यावा.

साधा मोबाइलही पुरतो

सेन्सर नाही म्हणून मोबाइलचा उपयोग नाही, असे मात्र नव्हे. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांना प्रारंभी आहार-व्यायामाचा सल्ला देण्यात आला. त्यांतील निम्म्यांच्या साध्या मोबाइलवर त्यानंतर दोन वर्षे आठवड्यातून काही वेळा छोटे लेखी संदेश येत राहिले. दोन वर्षांनंतर संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांना मधुमेह झालेला होता, आणि संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के लोकांना. औषध एकही नव्हते. वेळेवर येणारी आठवण तेवढी होती.

याच मार्गाने केंद्र शासनाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०१६ मध्ये 'एम-डायबिटीस' हा उपक्रम सुरू केला. त्यात मिस्ड कॉल दिला की, मधुमेहाविषयी माहितीचे संदेश मोबाइलवर येऊ लागत.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण मात्र व्हॉट्सॲपचे आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्याने आणि व्हॉट्सॲप गट यांतून घराघरांत पोहोचवली. बियासण्याची सवय असलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटली नाही. या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु हजारो अनोळखी माणसे मोबाइलवरून एकमेकांना नियम पाळण्यासाठी धीर देऊ शकतात, हे त्या गटांनी दाखवून दिले. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी मात्र जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी औषधाची मात्रा ठरवून घेतलीच पाहिजे. भाईजींच्या बाबतीत जे घडले, ते याच दुर्लक्षामुळे.

"आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, आम्हांला काय भीती?" असे विचारणारेही भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका ब्रिटिश सहकाऱ्याचे आणि स्वतःचे असे दोन छायाचित्रांचे उदाहरण प्रसिद्ध केले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय २२.३. पण ब्रिटिश सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असू शकते. गादीवर दिवसभर बसणाऱ्या आपल्या व्यापारी बांधवांनी हे ध्यानात ठेवावे. 'इंडियाब' पाहणीच्या २०२३ मधील निष्कर्षांनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

नाशिककरांना तर या कल्पनेची ओळख आधीच झालेली आहे. २०१५ च्या सिंहस्थात तात्पुरत्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी टॅब्लेटवर नोंदवून साथीची चाहूल लवकर घेण्याचा प्रयोग येथे झाला. कागदी नोंदवहीतही तीच माहिती राहिली असती, पण ती वाचली गेली असती मेळा उठल्यावर. भाईजींच्या लाल वहीची कथा याहून वेगळी नव्हती.

काही सावधगिरीच्या गोष्टी

बँकेत असताना आम्ही ग्राहकांना फसवणुकीपासून सावध करीत असू. ती सवय अजून सुटलेली नाही.

पहिली गोष्ट यंत्राच्या अचूकतेची. ग्लुकोमीटरसाठी २०१३ चे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल, तेव्हा १०० पैकी ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असाव्या लागतात. म्हणजे २०० ही साखर १७० किंवा २३० दिसली, तरी यंत्र बिघडलेले नसते. दहा-वीस अंकांच्या फरकाने घाबरू नये. मोजण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, कारण फळ कापलेल्या बोटावरची साखरही यंत्र मोजते. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबी घट्ट बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट सेन्सरची. तो रक्तातील साखर थेट मोजत नाही. त्यामुळे त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. त्या दंडावर दाब देऊन झोपल्यास आकडा उगाच खाली दिसू शकतो. शरीर एक सांगत असेल आणि मोबाइल दुसरेच दाखवत असेल, तर बोट टोचून खात्री करावी.

तिसरी गोष्ट जाहिरातींची. त्वचेला न टोचता साखर मोजणारी घड्याळे आणि अंगठ्या बाजारात दाखवल्या जातात. अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. सेन्सरचा आकडा घड्याळावर पाहणे वेगळे आणि घड्याळानेच साखर मोजणे वेगळे. खोट्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले, तर जिवावर बेतू शकते. व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या 'गोळ्या बंद करा, हा काढा घ्या' अशा संदेशांनाही हेच लागू आहे.

चौथी गोष्ट गुप्ततेची. ॲप मोफत असते तेव्हा आपली माहिती कोठे जाते, हे विचारावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण 'संमती आहे' या चौकटीवर आपणच न वाचता बोट ठेवले, तर कायदा फारसा कामी येत नाही. हमीपत्रावर सही करण्यापूर्वी जितके वाचतो, तितके तरी येथे वाचावे.

डॉक्टरांशी मोबाइलवरून बोलणे आता नियमबाह्य नाही. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेचे मार्गदर्शक नियम जाहीर झाले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोन, व्हिडिओ किंवा लेखी संदेशाद्वारे सल्ला देऊ शकतात. शासनाची 'ई-संजीवनी' सेवा विनामूल्य आहे. चौदा अंकी 'आभा' क्रमांक काढल्यास तपासण्यांचे अहवाल आपल्या संमतीने एकत्र ठेवता येतात. परगावी खरेदीला जाणाऱ्या व्यापाऱ्याला याचा विशेष उपयोग होतो.

पर्युषणापूर्वी

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशात २०१४ पासून रमजानच्या आधी, रमजानमध्ये आणि नंतर मधुमेही रुग्णांना मोबाइलवर सूचनांचे संदेश पाठवले जातात. रोजा ठेवू इच्छिणाऱ्या मधुमेही व्यक्तीने सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून जोखीम तपासून घ्यावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. आपला उपवास तर छत्तीस तासांच्या आसपास जातो. तेव्हा हा क्रम आपणही का पाळू नये? मोबाइलच्या दिनदर्शिकेत पर्युषणाच्या दोन महिने आधी 'डॉक्टरांची भेट' अशी नोंद आजच करून ठेवावी.

त्या भेटीत डॉक्टरांना नवकारसी, चोविहार, एकासन, आयंबिल आणि उपवास यांत आहाराच्या वेळा नेमक्या कोणत्या, हे कागदावर लिहून द्यावे. मागील महिन्याचे आकडे किंवा सेन्सरचा आलेख सोबत न्यावा. आपल्या गोळ्यांपैकी कोणती साखर खाली पाडू शकते, हे विचारून घ्यावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही मुद्दाम विचारावे, कारण उपवासात शरीरातील पाणी कमी झाल्यास त्यांचा धोका वाढतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नये. ज्यांना पूर्वी साखर खाली जाऊन शुद्ध हरपण्याचा प्रसंग आला आहे, ज्यांना बालपणापासूनचा मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा ज्या भगिनी गर्भवती आहेत, त्यांनी उपवासाचा आग्रह धरू नये.

घाम, थरथर, धडधड, गोंधळलेले बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे घरातील लहान मुलांनाही शिकवावीत. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून गरज असल्यास पुन्हा द्यावे. शुद्ध हरपलेली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि पच्चक्खाणाचे काय? भाईजींच्या मनाला हाच प्रश्न सर्वांत अधिक टोचत होता. रुग्णालयातून आल्यावर पंधरा दिवसांनी ते चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या महासतीजींच्या दर्शनाला गेले आणि आपला नियम भंगल्याची खंत त्यांनी बोलून दाखवली. महासतीजींनी त्यांना शांतपणे आठवण करून दिली की, पच्चक्खाणाच्या पाठात आगार आहेत, आणि त्यांतील एक आगार तीव्र व्याधीच्या वेळी समाधी टिकावी यासाठीच ठेवलेला आहे. पूर्वाचार्यांनी तो विचारपूर्वक घातला आहे. भाईजी तो पाठ लहानपणापासून म्हणत आले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोहोचला.

गेल्या वर्षी पर्युषणाच्या दोन महिने आधी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. उपवासाला त्यांनी स्पष्ट नकार दिला. नव्या औषधांवर आठ दिवस बियासणे करण्यास मात्र संमती दिली, आणि सेन्सर लावून ठेवण्यास सांगितले. भाईजींना वाईट वाटले, पण त्यांनी ते मानले. आठ दिवसांत साखर एकदाच ७० च्या खाली गेली, तीही सायंकाळच्या आहारापूर्वी. सूचना वाजताच सूनबाईंनी ग्लुकोजचे पाणी पुढे केले आणि या वेळी भाईजींनी पेला दूर सारला नाही.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर घरी सर्वजण एकमेकांना खमावत होते. भाईजींनी सूनबाईंसमोर हात जोडले. "त्या लग्नात तुझा फोन आला, तेव्हा मी रागावलो होतो. मिच्छामि दुक्कडं," असे ते म्हणाले. सूनबाईंना काय बोलावे ते सुचेना. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि भाईजींचा मोबाइल चार्जिंगला लावायला घेऊन गेल्या.